उशिराच्या वहीतली नोंद

मी, खाली सही करणारा, वय एकसष्ट, शिक्षण सातवी, शाळेतला निवृत्त शिपाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. छातीत धडधडतं, पण ती काळजीची धडधड आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. त्याने सहीला बाधा येऊ नये.

कलम १. राहत्या दोन खोल्या पत्नीच्या. तिच्या पश्चात मुलगा व मुलगी यांना निम्म्या-निम्म्या. वाटणीसाठी मध्ये भिंत घालू नये, मागच्या खोलीत अंधार होईल.

कलम २. सायकल जावयाला देऊ नये. मी आजारी असताना त्याने दोनदा विचारलं, "हिचं आता काय करणार?" सायकल मुलीला द्यावी. तिने ती त्याला चालवू दिली तर तो तिचा प्रश्न.

कलम ३. हत्यारांची पेटी मुलाला. त्याला खिळा सरळ ठोकता येत नाही, हे मला ठाऊक आहे.

कलम ४. बँकेतली मुदत ठेव 'पावणेआठ'च्या शिक्षणासाठी. घरच्यांनी रागावू नये. कारण लिहितो.

शाळा साडेसातला भरायची. प्रार्थना सुरू झाली की मी फाटक लावायचो आणि उशिरा येणाऱ्यांची नावं वेळेसकट वहीत लिहायचो. आठवीतली एक मुलगी धाकट्या भावाला बालवाडीत सोडून रोज पावणेआठला यायची. तिला 'पावणेआठ' हे नाव मीच पाडलं. पुढे पुढे तर सकाळी कुलूप उघडलं की मी तिचं नाव आधीच लिहून ठेवू लागलो. तेवढीच धावपळ कमी.

त्या दिवशी भावाला ताप होता, म्हणून ती घंटेच्या आधीच आली. "मामा, आज तुमची वही उपाशी!" म्हणाली. नाव तर लिहून झालं होतं. वहीत खाडाखोड दिसली की मुख्याध्यापक चारचौघांत ओरडायचे, म्हणून तसंच राहू दिलं. ती प्रार्थनेच्या रांगेत उभी असलेली मी पाहिली. प्रार्थना चालू असतानाच प्रयोगशाळेला आग लागली आणि तिथल्या बाईंचे दोन्ही हात भाजले. त्या बाईंशी तिचं आदल्याच आठवड्यात वाजलं होतं. वहीप्रमाणे ती रांगेत नव्हती, म्हणून मागच्या बाजूने शिरून आग तिनेच लावली, असा आळ आला. दोन मैत्रिणी म्हणत होत्या, होती. मुलींचं कोण ऐकतं?

मुख्याध्यापक म्हणाले, "मामा, वहीत आहे तेवढंच सांगा. तुमच्या मुदतवाढीचा कागद माझ्याच टेबलावर आहे."

मी तेवढंच सांगितलं. मुदतवाढ मिळाली, तीन महिन्यांची. तिला शाळेतून काढलं आणि निरीक्षणगृहात ठेवलं, त्याला सात महिने झाले.

तिच्या बाजूने लढणाऱ्या वकीलबाई दोनदा घरी आल्या. मी पत्नीला "घरी नाहीत" असं सांगायला लावलं. वकीलबाई दारातल्या माझ्या चपलांकडे बघत म्हणाल्या, "अनवाणीच गेलेत वाटतं. ऊन फार आहे, जपून या म्हणावं."

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर वरचा मजकूर मुलांच्या न्यायमंडळापुढे वाचावा.

इथवर काल लिहिलं. आज साक्षीदार म्हणून वकीलबाईंनाच बोलावलं. त्यांनी सगळं वाचलं. मला वाटलं, आता ओरडतील.

"मामा, तुम्ही कधी जाणार?"

पत्नी दचकली. "अहो बाई, हे काय बोलणं?"

"तारीख विचारतेय. तिची मंगळवारी आहे, शेवटची."

मी विचारलं, "मी वही आधीच भरायचो हे सांगितलं, तर मला आत टाकतील?"

"ते आज कसं सांगू? ती मात्र आत आहे."

मग पत्नी मला म्हणाली, "अहो, शर्टाला इस्त्री करून ठेवते. मीही येते बरोबर."

म्हणून कलम ५ रद्द. मंगळवारी अकरा वाजता मी स्वतः जाऊन सांगेन. त्याआधी माझं काही झालं, तर हा कागद वकीलबाईंनी न्यावा. बाकी कलमं कायम.

ती तिथे समोरच बसलेली असेल, असं वकीलबाई म्हणाल्या. तिच्याकडे बघून बोलावं लागतं का, हे माझ्याने विचारवलं नाही.

सही: शिपाई (निवृत्त)

साक्षीदार: १. वकीलबाई २. समोरचे चष्मेवाले (मजकूर न वाचता, फक्त सहीपुरते)

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, रविवार