वायर की बिनवायर

४ मार्च
रोजनिशी पुन्हा सुरू. विषय एकच: हेल्मेटचा इंटरकॉम. वायर्ड की वायरलेस, याचा सोक्षमोक्ष या महिन्यात लावणार. घाई नाही. मी खरेदी विभागातला माणूस आहे. तीन कोटेशनं आल्याशिवाय कंपनीत टाचणीसुद्धा येऊ देत नाही.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी विपर्यास करू नये. मोटरसायकलवर मागे बसून ही काय बोलते ते मला ऐकू येत नाही. दोष वाऱ्याचा. वळण चुकलं की ही पाठीत बोट खुपसते. पण खुपसलं म्हणजे ‘वळा’ की ‘वळण गेलं’, हे त्यातून कळत नाही. गेल्या वेळी मेहुण्याकडे जेवायला निघालो आणि पोचलो तेव्हा मंडळी जेवून डुलक्या काढत होती. ही म्हणाली, यापुढे लांब जायचं असेल तर मी भावाच्या कारमधून जाईन, तुम्ही या मागून, तुमच्या सवडीने.

२८ तारखेला सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. ही माझ्या मागे बसूनच येणार. मी ठरवलं आहे.

(मागची सीट रिकामी असली की गाडी हलकी लागते. मला ते अजिबात आवडत नाही.)

७ मार्च
तुलनात्मक तक्ता तयार. ऑफिसच्या प्रिंटरवर रंगीत काढला. साहेबांनी पाहिला, कुठल्या प्रोजेक्टचा म्हणून विचारलं. मी म्हणालो, संवाद-सुधारणा. त्यांनी एक प्रत मागून घेतली. आता सोमवारी मीटिंग आहे म्हणे.

हिलाही तक्ता दाखवला. हिने त्यावर मटार सोलले.

१० मार्च
मीटिंग झाली. विषय टाळता आला नाही. संवाद-सुधारणा समिती स्थापन. मी एकटाच सदस्य.

११ मार्च
ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. दुकानदाराला बॅटरी, वॉटरप्रूफिंग, नॉइज कॅन्सलेशन यावर बरंच समजावून सांगितलं. तो मधूनमधून गल्ल्यावर कपाळ टेकवत होता. दुपारची वेळ, झोप येत असावी. शेवटी वायर्ड सेट वापरून बघा, पैसे नंतर द्या, पण आता घरी जा म्हणाला. भला माणूस.

१२ मार्च
वायर्डची चाचणी, बिल्डिंगच्या आवारात. माझ्या हेल्मेटमधून एक वायर, हिच्या हेल्मेटमधून एक, मध्ये एक छोटी डबी. आवाज स्वच्छ. तीन फेऱ्या मारल्या.

मग मी उतरलो आणि वॉचमनशी दोन शब्द बोलायला पुढे झालो. वायर जोडलेलीच होती. हिची मान माझ्यामागे आली, मानेमागे ही आली, गाडी स्टँडवरून कलली. वॉचमनने तिघांना सावरलं. आधी गाडीला.

तक्त्यात नोंद: वायर्डमध्ये माणूस बांधला जातो. मोठा दोष.

१३ मार्च
आश्चर्य म्हणजे हिला वायर्डच आवडलं. कारणं विचारली. चार्जिंगची कटकट नाही. ॲप नाही. आणि तुम्ही फार बोलायला लागलात की पिन उपटता येते.

हा मुद्दा मी तोट्यांच्या रकान्यात घातला. हिने पेन्सिलने बाण काढून फायद्यांत नेला.

१७ मार्च
वायरलेस घेतला. सेट देताना दुकानदाराने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि परत यायची गरज पडणार नाही असं तीनदा सांगितलं. एवढा आत्मविश्वास असलेला माल क्वचित मिळतो.

रेंज एक किलोमीटर. ही विचारते, एकाच सीटवर बसणाऱ्या दोघांना किलोमीटर कशाला हवा? दूरदृष्टी नाही, दुसरं काय.

१९ मार्च
सेटिंग सुरू. माहितीपुस्तिका उघडली नाही. पुस्तिका अननुभवी लोकांसाठी असते.

माझं हेल्मेट हिच्या हेल्मेटशी न जुळता खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या स्पीकरला जुळलं. घाबरू नकोस, फक्त तोंड उघड आणि बोल, असं मी हिला म्हणत होतो, ते तिकडे ऐकू गेलं. पेशंट डॉक्टरांशी न बोलता निघून गेला. डॉक्टर वर येऊन गेले. तांत्रिक बाब आहे, त्यांना कळणार नाही.

२२ मार्च
जुळलं! शिवाय ॲपमध्ये एक रत्न सापडलं. ‘मुख्य चालक’ सेटिंग. मुख्य चालक बोलत असताना बाकीचे आवाज आपोआप बंद होतात, फोनसुद्धा. आणीबाणीत सूचना तुटू नये म्हणून. ताबडतोब चालू केलं.

हिला समजावलं. ही म्हणाली, म्हणजे घरात आहे तसंच.

बरोबर. सवय लागायला वेळ जाणार नाही.

२७ मार्च
उद्या प्रस्थान. हिने भावाला फोन करून सांगितलं की एक शेवटची संधी देऊन बघते. ‘शेवटची’ हा शब्द जरा जोरात म्हटला. सासऱ्यांसाठी विणलेला जाड स्वेटर तिच्या बॅगेत. दोन्ही सेट चार्ज. चेनला नवीन ऑइल. बोट खुपसायचं नाही, तोंडाने सांगायचं, असं ठरलं. उद्या मेहुण्याची जिरणार.

२८ मार्च, संध्याकाळ
सासऱ्यांच्या घरी. माडीवर एकटा बसून लिहितो आहे. खाली काही जण अजून हसत आहेत. घटना क्रमाने लिहितो, म्हणजे दोष कुठे आहे ते आपोआप दिसेल. माझा नाही.

सकाळी वेळेवर निघालो. वाटेत पेट्रोल भरलं. टायरमधल्या हवेचा दाब या विषयावर मी हिला माहिती देत होतो. पाठीला मागून धक्का लागला. ही बसली हे ओळखून निघालो.

गाडी काय पळाली! अगदी हलकी. नव्या ऑइलचा गुण.

मीही मोकळा झालो. मनातलं बोलून टाकलं. म्हणालो, तू मागे नसलीस की मला गाडी चालवावीशीच वाटत नाही. इतक्या वर्षांत असं काही बोललो नव्हतो. घरात जमत नाही, पण हेल्मेटच्या आत बरं पडतं. ही काही बोलली नाही. भरून आलं असावं. मग विषय बदलून चार्जिंग केबलच्या लांबीवर आलो.

वळण आलं. एक की दोन, आठवत नाही. बोट खुपसलं गेलं नाही, म्हणजे रस्ता बरोबर. थोड्या वेळाने हिने पाठीवर डोकं टेकलं. छान ऊब लागली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी टेकायची तसं. मला गहिवरून आलं. खड्डे चुकवत, हळू चालवत राहिलो. एक गाणंही म्हटलं, दोन्ही कडवी.

रस्ता जरा लांबचा निघाला, पण पोचलो. सासऱ्यांच्या फाटकात सगळी मंडळी उभी. मेहुण्याची कार आधीच आलेली. पुढे एक बाई, हातात हेल्मेट. मी माईकमध्ये म्हणालो, बघ, अगदी तुझ्यासारखं हेल्मेट आहे.

त्या बाईच्या हातातलं हेल्मेट मोठ्याने म्हणालं, बघ, अगदी तुझ्यासारखं हेल्मेट आहे.

गाडी थांबवली. सवयीने म्हणालो, उतर सावकाश. ते हेल्मेटही म्हणालं, उतर सावकाश. सासऱ्यांनी ते हातात घेऊन आत डोकावून पाहिलं.

मागे वळून बघितलं. सीटच्या कडीला हिची बॅग अडकवलेली होती, स्वेटर असलेली. चांगली फुगलेली.

हिचं म्हणणं असं: पंपावर बॅग सीटला अडकवून, आलेच हं, असं मला सांगून ती बाथरूमला गेली. बाहेर येते तो मी फाटकातून बाहेर पडतोय. ती हेल्मेटच्या माईकमध्ये थांबा थांबा म्हणून ओरडली. पण मी बोलत होतो. मुख्य चालक. तिचा फोन बॅगेत आणि बॅग माझ्यामागे. पंपावरच्या माणसाचा फोन घेऊन भावाला बोलावलं. तो त्याच रस्त्याने येत होता. मला का नाही केला, विचारलं. तर म्हणे, भावाचा नंबर पाठ आहे, तुमचा नाही.

मेहुण्याने सगळ्यांसमोर विचारलं की वायर असती तर काय झालं असतं हो? मी म्हणालो, मान अवघडली असती. कोणी ऐकून घेतलं नाही.

उद्या ही कारमधून परत जाणार. तिची बॅग आत्ताच डिकीत गेली. माझ्या खिडकीतून दिसते ती डिकी. एवढी खटपट केली ती काय त्या डिकीसाठी? वाईट वाटतं आहे. तक्ता फाडून टाकणार.

(फाडला नाही. घडी घातली.)

२९ मार्च
सकाळी निरोप घेतला. सासूबाई नुसत्या हसतात. हेल्मेट चढवलं. मेहुण्याने कारचं मागचं दार उघडून धरलं होतं.

ही आली ती सरळ डिकीकडे. बॅग काढली, बॅगेचा लांब पट्टा सोडवला, त्याचं एक टोक माझ्या कमरेच्या बेल्टला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला. मी विचारलं, हे काय? ही म्हणाली, वायर.

मेहुण्याने दार लावून घेतलं. मीही फार चौकशी केली नाही. देवाने दिलं की घ्यावं.

अर्ध्या वाटेवर चहाला थांबलो. पट्टा सोडला नाही, त्यामुळे एकाच बाजूला बसून प्यावा लागला. चहावाला कुठल्या केसमध्ये नेताय म्हणून हिला विचारून गेला. मग ही कपाकडे बघत म्हणाली, काल पंपावर उभी होते तेव्हा तुमचं ऐकू येत होतं. माझा आवाज तुम्हाला नव्हता येत, पण तुमचा मला येत होता. मागे नसलीस तर चालवावीशीच वाटत नाही, इथपर्यंत आलं. मग रेंज संपली. पुढे काय म्हणालात?

मी म्हणालो, राहू दे, असल्या गोष्टी पुन्हा सांगता येत नाहीत. ही चक्क लाजली.

केबल दीड मीटरची आहे. सांगितलं नाही.

दोन्ही सेट निघण्याआधीच सासऱ्यांना देऊन टाकले होते. ते अंगणातून चहाची ऑर्डर देणार आहेत. सासूबाईंनी त्यांच्या सेटचं बंद करायचं बटण आधीच शोधून ठेवलं आहे.

वाटेत वळण चुकलो. बरगडीत बोट बसलं. परत फिरलो. दुसऱ्या चुकीला आणखी जोरात बसलं. आवाज स्वच्छ.

घरी येऊन तक्त्याखाली निष्कर्ष लिहिला: वायर्ड. माझा कल पहिल्या दिवसापासून तिकडेच होता.

येताना गाडी चांगली जड लागली. चेनच्या ऑइलचा काही संबंध नव्हता असं दिसतं.