केळशीचे दोन पेग

४ जानेवारी, रविवार
केळशीहून परत. मुक्ताच्या होणाऱ्या सासरी साखरपुड्याची बोलणी होती. व्याही विनायकराव मोकळा माणूस. जेवणाआधी त्यांनी बाटली काढली. सौ.ने डोळ्यांनीच नको म्हटलं. दोन घेतले. फक्त दोन! जहाजावर इंजिनरूमला होतो तेव्हा याच्या तिप्पट घेऊन सकाळी ड्यूटीवर ताठ उभा असायचो. इथे सोलकढी येईस्तो जीभ जड. सगळे तारीख ठरवायला बसले आणि मी खुर्चीत घोरत होतो. पोरीच्या साखरपुड्याची तारीख बापाविना ठरली.

५ जानेवारी
काल पुढचं लिहवलं नाही. निघताना गाडीची किल्ली मीच मागितली. मुक्ताने दिली नाही, स्वतः बसली. लायसन काढून दोन वर्षं झाली, मी तिला कधी शहराबाहेर चालवू दिली नव्हती. दाभोळला फेरीबोटीत गाडी रिव्हर्समध्ये चढवली, एका दमात. बोट खाडीत असताना कठड्याशी एकटी उभी होती. माफी मागायला गेलो. म्हणाली, "बाबा, तुम्ही झोपलात त्याचं काही नाही. तुम्ही किल्ली मागितलीत, त्याची भीती वाटली."
दिवेलागणीच्या आत तिघंही धडधाकट घरी. हे तिच्यामुळे. तिला तसं सांगायला हवं होतं.

९ जानेवारी
डॉक्टरकडे. खरं ते सांगितलं. म्हणाले, चोपन्नाव्या वर्षी शरीराला पूर्वीइतकं झेपत नाही, त्यात बीपीची गोळी. गोळी घेता त्या दिवशी दारू नको. म्हटलं, गोळी तर रोजची आहे. दोघंही हसलो. पण घरी येताना हसू टिकलं नाही.

११ जानेवारी, रविवार
दुपारी अनंताकडे. शाळेपासूनचा मित्र. झालेलं सगळं सांगितलं. त्याने चेष्टा केली, आणि ग्लास भरलाच. नको म्हणायचं धाडस झालं नाही. तोंडही न लावता दोन तास हातात धरून बसलो. बांगडा तळलेला, कुरकुरीत. अनंता त्याच्या धाकट्या भावाच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलला. मी बरंच विचारलं. तो थांबला.
"हे तुला आधी दोनदा सांगितलंय रे."
एक शब्द आठवत नव्हता. दोन्ही वेळा पीत ऐकलं असणार. त्याने रागावून बंद केलं नाही. तिसऱ्यांदा पहिल्यापासून सांगितलं. असा मित्र आहे माझा.

१८ जानेवारी
धीर करून विनायकरावांना फोन. माफी मागितली. म्हणाले, तुम्ही झोपलात म्हणून तर बायकांनी बोलणी अर्ध्या तासात उरकली, आपण दोघं बोलत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती. मनावरचं ओझं उतरलं. पंचवीसला ती मंडळी आपल्याकडे येतायत. "तेव्हा बसू पुन्हा," म्हणाले. हो म्हटलं. मी घेणार की नाही, ते बोललो नाही.

२४ जानेवारी, शनिवार
सकाळी मुक्ताला एकदाचं सांगितलं, त्या दिवशी तू होतीस म्हणून सुखरूप आलो. "बरं," एवढंच म्हणाली, पण चहा तिने केला माझा.
संध्याकाळी सौ.ने उद्यासाठी काचेचे ग्लास पुसायला घेतले. विनायकराव, त्यांचे भाऊ, जावईबापू. "तीन काढू की चार?"
मुक्ता कोळंबी सोलत होती. हात थांबले.
म्हटलं, सकाळी गोळी घेतली की सांगतो.
ती पुन्हा सोलायला लागली. माझ्याकडे बघून हसली की आईकडे, कळलं नाही. बरं वाटलं, एवढं खरं.