चिप मोठी करा

२ जून
ज्या चिप कंपनीचे शेअर घेतलेत, तिच्या वार्षिक सभेची नोटीस आली. ऑनलाइन आहे. यंदा बोलायचंच. आमची कंपनी चिपचं फक्त डिझाइन करते, ते दुसऱ्यांना वापरायला देते आणि दर चिपमागे रॉयल्टी घेते. ही काय धंद्याची रीत झाली? सॅनिटरी वेअरच्या शोरूममध्ये उभा जन्म गेला माझा. गिऱ्हाइकाने हातात घेऊन, फिरवून बघितल्याशिवाय साधा नळ खपत नाही. चेअरमन शिकलेला आहे, पण काउंटरमागे कधी उभा राहिलेला नाही.

३ जून, सकाळ
वॉशिंग मशीन बंद. मेकॅनिक म्हणाला, आतल्या बोर्डाची चिप गेलीय, या मॉडेलची आता मिळत नाही. चिपवर आमच्याच कंपनीचं नाव! मी आनंदाने त्याचा हात दाबला. तो हात सोडवून घेऊन गेला.

३ जून, दुपार
बायको म्हणते नवं मशीन आणू. साफ नकार. कंपनीने चिपा स्वतः दुकानात ठेवल्या असत्या तर आज मिळाली असती; बंद मशीन हाच माझा पुरावा. धोरण बदलेपर्यंत घरात दुसरं मशीन येणार नाही. ती म्हणाली, अहो, मग धोरण बदलेपर्यंत कपडे तुम्ही धुवा. मान्य. शेअरहोल्डरने लांबचं बघावं.

६ जून
कंबर. चादर इतकी मोठी का असते?
कंपनीला चौथा ईमेल: चिप एवढीशी ठेवण्याचं कारण काय? साबणाच्या वडीएवढी करा, शोकेसमध्ये उठून दिसेल. तीन रंगांत काढा. आयव्हरी कधी पडून राहत नाही.

९ जून
उत्तर आलं! ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.’ म्हणजे हलले. बायको म्हणाली, असं उत्तर कॉम्प्युटर आपोआप पाठवतो. तिला कॉर्पोरेट भाषा कळत नाही.

११ जून
उद्यापासून रोज भाषणाचा सराव. आज नाही, मोजे राहिलेत. मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, काय बोलायचं ते बोला, पण मागे दोरीवरचे कपडे दिसू देऊ नका.

१४ जून
शेअरहोल्डरांच्या ग्रुपवर दोन तट आहेत. एक म्हणतो, आहे तेच चालू द्या. दुसरा म्हणतो, कंपनीने स्वतःचा कारखाना काढावा. शोकेसचं कुणालाच सुचलेलं नाही. मी मांडलं, तर दोन्ही तटांनी हसरे चेहरे टाकले. एकमत होतंय.
सराव झाला. बादलीसमोर. बायको म्हणाली, पाठ झालं मला सगळं, आता टॉवेल पिळा.

१८ जून, संध्याकाळ
सभा झाली. नाव पुकारलं ते बायकोचं. शेअर दोघांचे, पण कागदावर पहिलं नाव तिचं. तुझं आधी टाकू, काय फरक पडतो, असं मीच म्हणालो होतो. नियम असा की पहिल्या नावानेच बोलायचं आणि मतही त्यानेच द्यायचं. ती हात पुसत येऊन बसली. मी कॅमेऱ्याबाहेरून हातांनी साबणाची वडी दाखवत होतो. ती म्हणाली, आमच्या ह्यांचे ईमेल मनावर घेऊ नका, तुमचं चाललंय ते बरं चाललंय. फक्त ज्यांना डिझाइन देता, त्यांनी जुन्या मशीनच्या चिपा काही वर्षं तरी ठेवल्या पाहिजेत, एवढं करारात घाला. आणि आमची मिळाली तर बघा, माणूस वाकलाय घरातला.
चेअरमनने दोनदा मान हलवली. माझ्या चौदा मुद्द्यांतला एकही तिने घेतला नाही.

१९ जून
मतदानाचा निकाल. धोरणाविरुद्ध एकही मत नाही, कारखानावाल्यांचंही नाही. पुन्हा वाचलं. एकही नाही. म्हणजे माझंसुद्धा नाही.

२५ जून
कंपनीने माणूस पाठवला. दारातच विचारलं, शेअरहोल्डर मॅडम आहेत का? आहेत म्हटलं. त्याने आणलेली चिप नखाएवढी. म्हटलं, जरा हातात घेऊन, फिरवून बघू दे. तो म्हणाला, मॅडमना विचारतो.
मॅडम म्हणाल्या, नको, त्यांचे हात ओले आहेत.