हळदीतून नगरपालिकेकडे

२० ऑक्टोबर, सकाळ
आजपासून प्रोफेशनल कबड्डीतून निवृत्त. तसं लीगच्या टीमने पावसाळ्यातच कळवलं होतं, पण अंतिम निर्णय माझा. दोन सीझन टीममध्ये होतो. बराचसा वेळ बेंचवर गेला, पण बेंचवरून गेम जास्त नीट दिसतो. म्हणूनच मॅनेजमेंटकडे वळतोय. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात दिलेल्या गाळ्यावर बोर्ड लावला: मढवी स्पोर्ट्स मॅनेजमेंट. क्लायंट सध्या एकच, अंबरनाथ पश्चिमची प्राची. रेडर आहे, विजेसारखी सुटते.

खरं सांगायचं तर ग्राउंडवर नाव पुकारलं की अंगावर काटा यायचा. आता नाव फक्त कुरिअरवाला पुकारतो, तेही भावेशचं भूपेश करून. हे मला सहन होत नाही. म्हणून राजकारण.

२१ ऑक्टोबर
संकल्प: पहाटे उठणे, गुडघ्याचे व्यायाम, रोज एक वर्तमानपत्र, गोड बंद. उद्यापासून. आज वसुबारस झाली, फराळ ताजा आहे.

२४ ऑक्टोबर
आण्णांकडे जाऊन आलो. आमच्या भागात नगरपालिकेची तिकिटं आण्णा ठरवतात. म्हटलं, आता स्पोर्ट्समन पाहिजे राजकारणात. आण्णा म्हणाले, बघू. वर म्हणाले, आधी लोकांत फिर. राजकारणात 'बघू' म्हणजे जवळजवळ होच.

जिज्ञासाला सांगितलं. ती म्हणाली, आपलं लग्न ठरताना माझे बाबाही बघूच म्हणाले होते, आणि दोन वर्षं बघतच बसले. बायकोला पॉलिटिक्स कळत नाही.

८ नोव्हेंबर, दुपार
तुळशीची लग्नं लागली, हळदी सुरू झाल्या. लोकांत फिरायचं तर आमच्या आगऱ्यांत हळदीसारखी जागा नाही. एका मांडवात अख्खा जिल्हा भेटतो. काल पहिली हळद केली. अँकरने माइकवर पुकारलं, भावी नगरसेवक भावेशदादा मढवी! (असं म्हणायला महेंद्रने त्याला आधी सांगून ठेवलं होतं. महेंद्र माझा जुना टीममेट. अंबरनाथला कारखान्यात आहे, सध्या रजा टाकून माझा कॅम्पेन मॅनेजर.) बेंजो सुरू झाला आणि मला राहवलं नाही. मांडीवर थाप मारली, कबड्डी-कबड्डी करत चढाईची स्टेप केली, समोरच्या रांगेतल्या सगळ्यांना शिवून परत आलो. मांडव उसळला. सेल्फीला रांग. लाट आहे. माझ्या डोळ्यांनी पाहिली.

१२ नोव्हेंबर
रोज हळद. कधी एका संध्याकाळी दोन. रील व्हायरल झालंय. गुडघा सुजला. गोड बंद आहे, पण मटण गोडात येत नाही.

आईने सकाळी विचारलं, नाचाला जातंस का मतां मांगाला? तिला मॉडर्न कॅम्पेन समजावून सांगितलं. ती अर्ध्यातून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

महेंद्रची एक शंका. म्हणाला, भावा, हे सगळे सेल्फीवाले पाव्हणे आहेत. कोण दिव्याचा, कोण उरणचा, कोण पनवेलचा. आपल्या वॉर्डातला त्यात कोण? मी म्हटलं, फॅनबेसला बॉर्डर नसते. वॉर्डाची चिंता नाही. वॉर्डात नुसते टॉवर आहेत, आणि ते टॉवर आमच्या भातशेतीवर उभे आहेत. म्हणजे ती मतं घरचीच.

प्राचीचा फोन आला होता. रेल्वेच्या टीमच्या ट्रायलला कुठले कागद लागतात, असं काहीतरी विचारत होती. बेंजोत ऐकू आलं नाही. ऑल द बेस्ट म्हटलं. मॅनेजरचं मुख्य काम मोटिव्हेशन.

१७ नोव्हेंबर
तिकीट दिनानाथला.

दिनानाथ म्हणजे टॉवरमध्ये राहणारा रिटायर्ड माणूस. पाणी गेलं की टँकर बोलावतो आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर 'टँकर निघाला आहे' असं टाकतो. बस, एवढंच कर्तृत्व! लिफ्ट बंद असली तर दुसऱ्या मजल्यावर बसून धापा टाकतो. आण्णांना विचारलं, माझं काय? म्हणाले, तुझं बघू.

फार वाईट वाटलं. जेवणार नाही म्हणून सांगितलं. मग आईने बोंबील तळले. जेवताना ठरवलं, अपक्ष उभा राहणार.

२१ नोव्हेंबर
चिन्ह मिळालं: शिट्टी. महेंद्र म्हणाला, कबड्डीत शिट्टी वाजली की माणूस आऊट. हा फार निगेटिव्ह होत चाललाय. हळदीत सगळे शिट्ट्याच मारतात. माझा प्रचार फुकटात चालू आहे, दिनानाथला कळतसुद्धा नाही.

२६ नोव्हेंबर
टॉवरमध्ये प्रचार केला. गेटवर वॉचमनने रजिस्टरमध्ये लिहायला लावलं: व्हिजिटर, काम काय. आमच्याच खाचरात मी व्हिजिटर! याच जागी लहानपणी चिंबोऱ्या पकडल्या, हे मी वॉचमनला सांगितलं. तो म्हणाला, साहब, मोबाइल नंबर भी डालो.

वर लोक पाण्याचं विचारत होते. मी त्यांना बोनस लाइन समजावली, की रिस्क घेतल्याशिवाय पॉइंट मिळत नाही. एका काकूंनी विचारलं, तुम्ही जिमची मेंबरशिप विकता का? ओळख वाढायला थोडा वेळ लागतो.

जिज्ञासा म्हणाली, रोज एक बिल्डिंग घे, नाचू नको, ऐकून घे. मुद्दा बरोबर आहे. उद्यापासून. उद्या नाही, उद्या वांगणीला हळद आहे, नवऱ्याच्या मामाने स्वतः फोन केलाय. परवाही आहे.

३० नोव्हेंबर
प्राची रेल्वेच्या टीममध्ये सिलेक्ट! मढवी स्पोर्ट्स मॅनेजमेंटचं पहिलं यश. तिचा मेसेज: थँक्यू सर, वहिनींनी सगळे कागद करून दिले, ट्रायललाही आल्या. जिज्ञासा बँकेतून रजा घेऊन कधी गेली, मला पत्ताच नाही. काही असो, टीमवर्क.

७ डिसेंबर, मतदान
आमच्या खरवई गावाने अशी गर्दी आजवर पाहिली नसेल. दिव्याहून, उरणहून, पनवेलहून टेम्पो भरभरून पोरं आली. आचारसंहिता म्हणून बेंजो नाही. पोरं शिट्ट्या मारायला लागली तर पोलिसांनी त्या चिन्हाचा प्रचार म्हणून बंद केल्या. मग नुसते उभे राहिले. पण काय उभे राहिले! रस्ता पॅक. टॉवरमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या रिक्षा नाक्यावरच अडकल्या. लोक उतरून केंद्रापर्यंत चालत गेले, जाताना माझ्या बॅनरकडे बघून काहीबाही बोलत होते. निदान बॅनर पाहिला.

जिज्ञासा तरातरा आली आणि म्हणाली, आधी या सगळ्यांना घरी पाठव. मी एका फॅनला विचारलं, तू मत दिलंस ना रे? तो म्हणाला, दादा, मत आमचं दिव्यान हाय, काळीज तुमचेकडं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही.

रात्री उद्याच्या मिरवणुकीसाठी गुलाल सांगून ठेवला. जास्तच सांगितला. कमी पडला तर बरं दिसत नाही.

८ डिसेंबर, निकाल
दिनानाथ निवडून आला. माझं डिपॉझिट गेलं. आकडा लिहीत नाही. मांडवात एका रांगेत यापेक्षा जास्त माणसं बसतात.

मतमोजणी केंद्राबाहेर दिनानाथ भेटला. हात हातात घेऊन म्हणाला, पोरा, तुझी गर्दी बघून मी रात्रभर झोपलो नाही. हे त्याने नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. महेंद्र बाजूला उभा होता. म्हणाला, भावा, तू सगळ्यांना शिवून आलास रे, पण दुसऱ्याच ग्राउंडवर.

घरी जिज्ञासाने चहा दिला आणि शेजारी बसून राहिली. एक टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. मला रडू आलं. तिने गुडघ्याला बर्फ लावला, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं गुडघ्यासाठीच रडतोय.

९ डिसेंबर, सकाळ
संकल्प: राजकारण कायमचं बंद. फक्त मॅनेजमेंट. पुढच्या वेळी उभं राहायचं की नाही, तेवढं सावकाश ठरवू.

अकराच्या सुमारास दिव्याहून फोन. अनोळखी नंबर. मला वाटलं, हरल्याबद्दल धीर द्यायला. काल रात्रीपासून कुणाचाच फोन नव्हता, म्हणून पहिल्या रिंगला उचलला. पलीकडून विचारलं, ते हळदीन कबड्डी डान्स करतात ते तुमीच ना? नाव काय तुमचं? बॅनरवर टाकाचंय. आणि एका हळदीचं घेता कवरं?

रॉंग नंबर म्हणणार होतो. जिज्ञासा समोर तोंडावर पदर धरून हसत होती. मग मलाही हसू आलं.

नाव सांगितलं. दोनदा, अक्षर-अक्षर सुटं करून. रेटचं आमच्या मॅनेजरशी बोला म्हटलं आणि फोन जिज्ञासाकडे दिला.