बंद दाराआडचं पाणी

ता. ४ मार्च

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

घशाचे टाके निघाले हे तुझ्या पत्रात वाचलं आणि जीव भांड्यात पडला. आवाज गेला तो गेला. माणूस घरी आला, मला तेवढं पुरे. मोबाइलवर तू दोन-दोन शब्द टिपून पाठवतोस त्याने माझं पोट भरत नाही, म्हणून पत्रच लिहीत जा. अक्षर मुंग्यांची मिरवणूक उधळल्यासारखं आहे, पण वाचताना तू समोर बसून बोलतोयस असं वाटतं.

इकडे नवीनच डोकेदुखी उभी राहिली आहे. न्हाणीघरातली फ्लशची टाकी गळते. बाहेर थेंबसुद्धा नाही, पण आतल्या आत कमोडमध्ये पाणी झिरपतं, टाकी पुन्हा भरत राहते, आणि दिवसभर सूं-सूं चालू. मी कानाडोळा केला असता. पण तो आवाज ह्यांनी धरून ठेवलाय. त्यांना वाटतं आत त्यांची आई आंघोळ करतेय. सासूबाईंना जाऊन एक जमाना झाला, पण हे खांद्यावर टॉवेल टाकून दाराबाहेर उभे राहतात. आईचं आटोपलं की माझा नंबर, असं मला समजावून सांगतात. दार उघडून दाखवायला गेले तर अंगावर ओरडले, आई आत असताना दार उघडायला लाज कशी वाटत नाही म्हणून. स्वतःला जायची घाई झाली तरी दार वाजवून थांबतात. मग व्हायचं ते होतं आणि मी फडकं घेऊन बसते. मी स्वतः जाते ती दुपारी त्यांचा डोळा लागला की, चोरासारखी.

दुपारी हे झोपल्यावर प्लंबरला बोलावलं होतं. तो बिचारा खाली बसून, मान वर करून टाकीकडे बघत होता. आमचे डॉक्टर जागे झाले, टॉर्च घेऊन त्याच्यापाशी गेले आणि आ करा म्हणाले. दाताचा दवाखाना बंद झाला तरी सवय काही सुटत नाही. प्लंबर हसला. ह्यांना अपमान वाटला आणि छत्रीने त्याच्या पाठीत दोन घातल्या. आता तो येत नाही, आणि त्याने सांगितल्यामुळे दुसराही येत नाही. तेव्हा हे काम मलाच करायला हवं. तू कारखान्यात जन्मभर पाइप जोडलेस, तर बहिणीला एक टाकी शिकव. सोप्या भाषेत लिही. तुझ्या बायकोला आशीर्वाद.

माया करणारी,
ताई

ता. १३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग हसलो म्हणून वाईट वाटलं. मला हसतानाही आवाज येत नाही. नुसते खांदे हलतात. बायको म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदाच तिची वाक्यं पुरी व्हायला लागलीत.

आता कामाचं. झाकण चिनी मातीचं आहे, त्याला घाबरून असावं. मधलं बटण फिरवून काढ, झाकण दोन्ही हातांनी सरळ वर उचल आणि जमिनीवर टॉवेल अंथरून त्यावर आडवं ठेव. भिंतीला टेकवून उभं करू नकोस. घसरलं तर पायावर येईल. आत एक उभी नळी दिसेल. पाणी तिच्या तोंडातून आत सांडत असेल तर दोष वर तरंगणाऱ्या फ्लोटचा. पाणी नळीच्या खाली असेल, तर टाकीत कपड्यांची नीळ थोडी घाल आणि फ्लश न करता थोडा वेळ थांब. खाली कमोडमध्ये निळं पाणी उतरलं की समज, तळाचा रबरी वॉशर गेला. मला खात्री आहे तोच असणार.

मग टाकीखालचा छोटा कॉक बंद कर, फ्लश करून टाकी रिकामी कर, उरलेलं पाणी फडक्याने टिपून घे. मधला उभा भाग थोडा डावीकडे फिरवला की सुटून वर येतो. त्याच्या बुडाशी रबराची चकती असेल. ती काढून दुकानात ने आणि तशीच दुसरी आण; अंदाजाने आणू नकोस. जिथे ती बसते तिथे क्षार धरला असेल तर व्हिनेगरच्या फडक्याने पूस. घासायला काही खरखरीत घेऊ नकोस. कॉक जड गेला तर जोर लावू नकोस, तेल सोडून थांब. तू घाईची आहेस, म्हणून मुद्दाम सांगतो.

भावोजींना एकटं ठेवून दुकानात कशी जाशील, याचीच मला काळजी लागली आहे. आम्ही जवळ असतो तर… जाऊ दे.

तुझ्या मायेवर वाढलेला,
ठोक्या

ता. २४ मार्च

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

तुझ्या बहिणीला आता कारखान्यात घे. टाकी दुरुस्त झाली!

नीळ टाकली आणि खाली निळं पाणी उतरलं. कॉक मात्र हटून बसला होता. तेल सोडलं, थांबले, पुन्हा सोडलं, तरी पुरता मिटला नाही, बारीक सूं-सूं चालूच राहिली. हे दुपारी झोपले तेवढ्यात हे सगळं करायचं, म्हणून प्रत्येक खटक्याला कान बाहेर. चकती निघाली ती कडेला कुरतडल्यासारखी झाली होती. एवढ्याशा रबराने आमचं घर ओलीस धरलं होतं.

दुकानात जाताना मी बाहेरून कुलूप घातलं. त्यांना सोबत न्यावं तर रस्त्यात कुणाचं तोंड उघडायला लावतील सांगता येत नाही. धावत गेले, धावत आले. येताना डोळ्यांसमोर काय काय आलं, गॅस, खिडकी, जिना. दार उघडलं तर हे जागे झालेले, न्हाणीघराबाहेर स्टुलावर शांत बसलेले. मला त्यांनी विचारलंसुद्धा नाही कुठे गेले होते. मी नव्हते हे त्यांना कळलंच नव्हतं. एवढी धावले, त्याचं मला तेव्हा हसू आलं आणि मग येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवीन चकती बसवली, कॉक हळूहळू उघडला. टाकी भरली आणि थांबली. घर एकदम गप्प झालं. मी जमिनीवरच बसून राहिले. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

हे उठून आले. दाराला कान लावला. झालं वाटतं आईचं, असं म्हणून टॉवेल नीट केला आणि तिची वाट बघत राहिले. शेवटी मीच दार उघडलं. आत कुणी नाही. दारामागे बघितलं, बादलीत बघितलं, मग मला विचारलं आई कुठे गेली. मी खरं तेच सांगितलं. ठोक्या, ते आत्ताच निरोप आल्यासारखे रडले. मला कुणी कळवलं का नाही, हेच पुन्हा पुन्हा विचारत होते. सकाळी उठून टॉवेल घेऊन परत दारापाशी. मी परत सांगितलं, ते परत पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. आता मला तोंड उघडायची भीती वाटते. आवाज होता तोवर ते निदान वाट बघत होते. मी हे काय दुरुस्त करून बसले?

तुझीच,
ताई

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टाकी तू बरोबर दुरुस्त केलीस. तिला बोल लावू नकोस आणि स्वतःलाही नको. आता एवढंच कर, त्यांना खरं सांगू नकोस. आई जरा बाहेर गेली आहे, येईल, असं सांग. तुला खोटं बोलायला जड जातं हे मला ठाऊक आहे; लहानपणी मार बसणार हे दिसत असूनही तू खरं सांगायचीस आणि मलाही अडकवायचीस. पण जी गोष्ट त्यांच्याजवळ राहणारच नाही, ती रोज नव्याने देऊन काय मिळतं? त्यांच्याकडे दुःखच तेवढं उरतं.

माझंही थोडं सांगतो. बायको सांगू नको म्हणत होती. छातीच्या फोटोत एक सावली दिसली आहे. डॉक्टर बघू या म्हणतात. मी पाटीवर लिहून विचारलं, काय बघायचं, तर ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. लगेच निघू नकोस. तुला निघता येणार नाही हे मला माहीत आहे, आणि त्याचा मला राग नाही. फक्त लिहीत राहा. पत्र आलं की मी ते बायकोला मोठ्याने वाचायला लावतो. घरात तुझं बोलणं ऐकू येतं.

जवळ नसूनही तुझाच,
ठोक्या

ता. १५ एप्रिल

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू येऊ नको म्हणतोस, आणि मी येऊ शकत नाही. दोन्ही एकदम खरं आहे, याचाच संताप येतो. शेजारच्या बाईंना ह्यांच्याजवळ बसाल का म्हणून विचारून बघितलं. त्या हो म्हणाल्या, पण छत्रीकडे बघत. मी त्यांना पुन्हा विचारलं नाही. डॉक्टर जे काय सांगतील ते मला न वगळता लिही. बायकोचं ऐकू नकोस.

तू म्हणालास तसं सांगायला लागले. आई बाहेर गेली आहे म्हटलं की मान डोलावतात, रडत नाहीत. पण मग आंघोळच करेनात. आई आल्याशिवाय नाही. कपडे बदलू देईनात, दाढी नाही, जवळ गेलं की हात झिडकारायचे. अंगाला वास यायला लागला. आयुष्यभर रोग्यांना स्वच्छतेवर भाषणं देणारा माणूस. एकदा मी हात धरून ओढलं तर त्यांनी मला विचारलं, तुम्ही कोण आणि आमच्या घरात काय करता. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले. घासून झालेलीच परत घासली.

काल सकाळी मी आंघोळ करत होते. हे दाराजवळ आल्याचा आवाज आला. मी घाईघाईने पाणी ओतून घेतलं, ओल्या केसांना पंचा गुंडाळून बाहेर आले. समोर हे उभे, खांद्यावर टॉवेल. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा असा उजळला, की तसं माझ्याकडे त्यांनी शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवेना. मला वाटलं, ओळखलं. त्यांनी विचारलं, झालं का तुझं, किती वेळ लावलास आई.

मी हो म्हटलं. झालं, आता तू ये.

आले. मुकाट्याने स्टुलावर बसले. मी पाठ चोळली, कानामागचा साबण काढला, डोळे घट्ट मिट म्हटलं तर मिटले. इतके दिवस नको नको करणारा माणूस डोकं माझ्या पोटाशी टेकवून बसला होता. आम्हाला मूल नाही. या घरात मला आई म्हणून कुणी हाक मारली नव्हती, आणि ती मारायची तर ह्यांनी. अंग पुसून दिलं, स्वच्छ कपडे घातले. जेवले, शांत झोपले. आजही तसंच झालं.

आता घरात सगळं सुरळीत आहे. टाकी गळत नाही, हे वेळेवर आंघोळ करतात, भांडण नाही, रडणं नाही. फक्त ह्यांची बायको कुठे गेली ते ते विचारत नाहीत.

छातीचं कळव. अक्षर कसंही आलं तरी चालेल, एक ओळ आली तरी चालेल, पण तुझ्या हातची येऊ दे.

तुझी वाट बघणारी,
ताई