पैलवान काळा का पडला

प्रिय क्रांती,

या घरात मी माझ्या हातानं काय काय केलंय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. जिन्याचा कठडा. गच्चीवरच्या टाकीचा स्टँड. तुझ्या आईच्या स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी. आक्काला गुडघे न दुमडता बसता यावं म्हणून उंच स्टूल. तुझ्या शाळेच्या सायकलचं कॅरिअर. सायकल भंगारात गेली, कॅरिअर अजून आहे. खाली वर्कशॉपात पाइप वाकवायचं मशीन. ना आयटीआय, ना डोक्यावर कुणा मिस्त्रीचा हात. उद्यमनगरात दुसऱ्यांचं वेल्डिंग लांबून बघून शिकलो, डोळे सुजवून घेतले, रात्री डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपलो. या यादीतली शेवटची वस्तू तू अजून बघितलेली नाहीस. पैलवानाचा नवा पिंजरा.

बेंगलोरला जाताना तू त्याला ज्या जाळीच्या तंबूत ठेवून गेलीस, तो मला कधीच पसंत नव्हता. चेन अडकायची, कापड ओलं राहून वास मारायचं. आपला पैलवान म्हणजे कुंपणावरचा सरडा नव्हे. परदेशी जातीचा शॅमेलिऑन, सरकारदरबारी तुझ्या नावावर नोंदलेला. त्याला साजेसं घर नको? चौकट स्टेनलेसच्या चौकोनी पाइपची, तीन बाजूंना आणि वर बारीक जाळी, वेल्डिंगचा एक दाणा कुठं हाताला लागणार नाही. पाठीला अखंड पत्रा, आणि त्याला मशीननं असं चकचकीत बफिंग केलं की बघणारा बघत राहावा. तुझ्या जास्वंदीची कुंडी आत बरोबर बसेल असं माप घेतलं. फोटो मुद्दामच पाठवला नाही. तू सुट्टीला येऊन डोळ्यांनी बघावंस असं मनात होतं.

नव्या घरात गेला आणि काही दिवसांत पैलवान काळा पडायला लागला. लोक म्हणतात शॅमेलिऑन पानावर बसला की पानासारखा होतो. तसं नसतं, हे तूच मला शिकवलंस. गारठला की ऊन ओढून घ्यायला काळपट होतो, झोपला की फिकट पडतो, चिडला की पट्टे उठतात. म्हणून सकाळी काळपट दिसला तर मी घाबरत नाही. पण हा सकाळी हिरवा असायचा, आणि वरचा दिवा लावला की थोड्या वेळात कोळशासारखा. गळा फुगवायचा, अंग चपटं करून डुलायचा, तोंड वासायचा. रातकिड्यांना कॅल्शियमची पावडर लावून दिली तरी ढुंकून बघायचा नाही. डोळे आत गेले. तू सांगितल्याप्रमाणं मी विष्ठाही तपासत होतो. तिच्यातला पांढरा भाग पिवळा, मग नारिंगी व्हायला लागला. म्हणजे पाणी कमी पडतंय. रोज जास्वंदीवर पाणी फवारत होतो, तरीही.

मग माझं डोकं फिरलं. माझं काम चोख, मग खोट कुठनं आली? कुणीतरी काहीतरी करतंय. माझी सख्खी थोरली बहीण, तरी पहिला संशय आक्कावर. ती संध्याकाळी ऊद फिरवते, आणि पैलवान तिला मुळातच आवडत नाही. मी सरळ विचारलं. ती म्हणाली, “तुझ्या त्या कुरूप जावयाला मी कशाला धुरी दिऊ? मी देवाला ऊद घालती, त्येला न्हाय.” तरी मी उदाचं भांडं गच्चीवर नेऊन ठेवलं. मग दुकानातनं येणाऱ्या रातकिड्यांवर संशय. ते बंद केले आणि घरी प्लास्टिकच्या डब्यात पैदास सुरू केली. आता तुझ्या आईला रात्रभर त्यांची किरकिर ऐकावी लागते, ती मला ऐकवते.

अशातच कागलचा एक पोरगा दारात आला. सम्राट नाव, चांगली गाडी, पायात भारी बूट. “काका, शॅमेलिऑन इकायचा हाय का?” मी म्हणालो, पावणं, तुम्हाला कुणी सांगितलं? “कळतं की ओ काका.” दारातनं पिंजऱ्याकडं वाकून बघितलं आणि म्हणाला, “शीळ घातल्याबिगार पाणी पीत न्हाय म्हणं ह्यो?” मी त्याला घालवून दिलं, पण ते वाक्य कानात राहिलं. जनावर काळं पडतं काय आणि लगेच गिऱ्हाईक येतं काय! आजारी जनावर स्वस्तात मिळतं, हे जनावरांच्या बाजारात फिरलेल्या कुणालाही कळतं. तेव्हापासनं वर्कशॉपचं शटर मी स्वतः लावायला लागलो.

शेवटी राजारामपुरीत डॉक्टर संयोगिता म्हणून आहेत, ज्यांना मी आधीपासनं फोनवर विचारत होतो, त्यांच्याकडं नेला. वयानं तुझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी त्याला फांदी पकडायला लावून पकड बघितली, जबडा चाचपला, हाडांचा फोटो काढला, विष्ठेत जंत आहेत का बघितलं. म्हणाल्या, सुईनं अंगात पाणी भरायला लागेल, संध्याकाळपर्यंत राहू दे. संध्याकाळी गेलो तर पैलवान हिरवागार! पिवळे पट्टे चमकतायत. घरी आणून पिंजऱ्यात सोडला, सकाळी दिवा लावला, पुन्हा काळा. क्रांती, तुला हसू येईल, पण माझ्या मनात आलं की त्या बाईंनी जनावर बदललं. त्याला उताणा धरून मी पाय तपासले. मागच्या डाव्या पायाची बाहेरची नखी लहानपणापासनं तुटकी. होती. तोच होता. आणि मी इतका वेळ धरून ठेवला म्हणून तो आणखी काळा झाला, फुस्स करून माझ्या अंगठ्याला चावला.

पण मन कुठं थांबतंय? म्हटलं, जनावर तेच असेल, पण त्या कागलच्या पोराला दवाखान्यातनंच खबर गेली असेल. पुन्हा गेलो आणि तोंडावर विचारलं, तुम्ही सम्राट म्हणून कुणाला ओळखता का? त्या म्हणाल्या, “कोण सम्राट?” मग म्हणाल्या, “काका, इथं त्याला बरं वाटतं आणि घरी बिघडतो, तर मला घर बघायला हवं. पिंजरा कसा आहे?” मी म्हणालो, पिंजऱ्यात खोट नाही. “नसंल की. तरी बघू.”

आल्या. मी चौकट दाखवली, जाळी दाखवली, वेल्डिंगवरनं बोट फिरवायला लावलं. त्यांनी कौतुक केलं, खोटं वाटलं नाही. मग पैलवानाच्या उंचीला खाली वाकून बराच वेळ पिंजऱ्याकडं बघत राहिल्या. दिवा लावला. पैलवानानं मान वळवली, गळा फुगवला. बाईंनी आक्काकडं एक जुनं लुगडं मागितलं, हात आत घालून पाठीचा पत्रा पुरा झाकला आणि म्हणाल्या, आता चहा घेऊ. चहा संपायच्या आत पट्टे विरले, हिरवा वर आला. “काका, त्या पत्र्यात दुसरा नर आहे असं वाटतंय त्याला. दिवसभर समोर उभा, हलत नाही, पळत नाही. खाणार कसा तो?”

आक्का तर वाटच बघत होती. “आकारामा, माझ्या धुरानं न्हाय गा, तुझ्या पॉलिशनं काळा झाला त्यो! माझा ऊद खाली आण आधी.” आणला.

आता माझं म्हणणं ऐक. पत्र्यात खोट नव्हती. बफिंग उत्तम होतं म्हणूनच हे झालं. साध्या कारागिराच्या पत्र्यात त्याला काही दिसलंच नसतं. हे मी डॉक्टरांनाही सांगितलं, त्यांनी मान हलवली. त्याच दुपारी पत्रा काढला आणि जाड पॉलिश पेपर घेऊन चमक जाईपर्यंत हातानं घासला. मशीन लावलं नाही. आई दारात उभी राहून बघत होती. त्यावर काथ्याची चटई बसवली. आता पैलवान तिच्यावर नखं रोवून चढतो. डोळे भरले, खातो, विष्ठेतला पांढरा भाग पुन्हा पांढरा पडतो. डॉक्टर म्हणाल्या, हा आता जगेल.

आणि पैलवान पुरता हिरवा झाल्यावर सम्राट पुन्हा आला. या खेपेला मी त्याला स्टुलावर बसवला आणि ते शिळेचं पुन्हा मनात घोळवलं. शॅमेलिऑनला धड ऐकूही येत नाही म्हणतात, तरी तू पाणी मारताना शीळ घालायचीस, म्हणून मीही घालतो. दार लावून घालतो, या वयात कुणी हसायला नको. आक्काला कमी ऐकू येतं. आई तेव्हा दुधाला गेलेली असते. डॉक्टरांना मी लाजेनं सांगितलं नाही. म्हणजे ही गोष्ट तुला ठाऊक, मला ठाऊक आणि पैलवानाला. पैलवान तर बोलत नाही.

म्हणून हे पत्र लिहितोय. फोनवर तू “सगळं मस्त, आबा” म्हणून ठेवून देशील. हल्ली व्हिडिओ कॉलला तू खिडकीकडं पाठ करून बसतेस, तोंडावर उजेड येऊ देत नाहीस. इतके महिने मी दुसरं काय केलं? एका तोंडाचा रंग बघत बसलो. तुझा रंग बरा नाही. नोकरी राहिली नसेल तर तसं लिही. परत यायचंच नसेल, म्हणून पैलवानाची सोय लावत असशील, तर तेही लिही; रागावेन, पण लिही. माझ्याकडं मागायची लाज वाटत असेल तर आईकडं माग. ती मला सांगणार नाही आणि मी विचारणार नाही. पण माझ्या पाठीमागं गिऱ्हाईक पाठवू नको. त्या पोरानं तुझं नाव घेतलं नाही, एवढं त्याचं खरं. शिळेचं तुला कुणी सांगितलं, असं विचारल्यावर मान खाली घालून चहा ढवळत बसला. मी काय उत्तर दिलं ते त्यानं तुला कळवलं नसेल, तर मी कळवतो. पैलवानाचे साठ आणि पिंजऱ्याचे पंधरा, फक्त पंधरा, असे रोख पंचाहत्तर हजार तो टेबलावर मांडत होता. मी नाही म्हणालो.

तुझाच,
आबा