बोरातली अळी

कुरुंदा, फेब्रुवारी २००५

प्रिय पुजा,

नांदेडच्या होस्टेलवरून पाठवलेलं तुझं पत्र पोचलं. हाताचं प्लास्टर कालच निघालंय, तेव्हा माझ्या अक्षराला हसू नकोस. सगळे हळद शिजवायला शेतात गेलेत, म्हणून निवांत लिहितेय. या वेळी हात मोडला, पुढच्या वेळी भागवतराव काय मोडतील, असं तू विचारलंस. मला काय माहीत गं? मला त्याचीच भीती वाटते.

तुझं ते वर्महोल मात्र मी दोनदा वाचलं. शब्द साधाच, किड्यानं पाडलेलं भोक. फळातलं, लाकडातलं. मग कुणा शास्त्रज्ञाला सुचलं, की सफरचंदाच्या सालीवरून निघालेल्या अळीला पलीकडे जायला केवढा वळसा पडतो, आतून पोखरत गेली तर वाट जवळची होते. म्हणून आकाशातल्या तसल्या आडवाटेला त्यानं तेच नाव दिलं. तसंच एक भोक पाडून मला साखऱ्याला आईकडे ओढून नेणार म्हणतेस. वेडी कुठली! तुझ्या शास्त्रज्ञानं आपलं बोर खाल्लेलं दिसत नाही. फोडावं तेव्हा अळी बियेपाशी, आपल्याच घाणीत वळवळत असते. ती कुठं पलीकडे जाते? आणि सफरचंद आपल्याकडे आजाऱ्यालाच आणतात. मला तेही कुणी आणलं नाही.

पण त्या भोकाला दोन तोंडं असतात, हे तुझं पटलं. आमचं साटंलोटं झालं तेव्हा तू फ्रॉकात होतीस. मी इकडे आले आणि त्याच मांडवात भागवतरावांची बहीण रुख्मिण आपल्या संतोषदादाची बायको झाली. दादानं वहिनीला कधी बोट लावलं नाही. ती सुखात आहे, आणि मला त्याचा खरंच आनंद आहे.

तू शनिवारी मला न्यायला जीप घेऊन येणार, याची परवा सासूबाईंना कुणकुण लागली. चुलीपुढून न उठता म्हणाल्या, “जा की, कोन आडवून राहिलं? पन तू गेलीस की आमची रुख्मिन बी त्याच दिशी वापस येईल. लेकरू ज्याचं त्याच्यापाशी राहील.” त्या नुसतं बोलत नाहीत, करतात. म्हणून हे पत्र. शनिवारी येऊ नकोस. नंतरही येऊ नकोस. आईला सांग, मी बरी आहे. दादाची सृष्टी अजून अंगावर पिते गं.

तुझीच,
आशाताई